फुलझाडाचं नाव शोधताना फांदीही दाखवा

पावसात कोकणातल्या परसात न लावलेलं काहीतरी हमखास फुलतं. नुसत्या फुलाचा फोटो दिला की गूगल लेन्स भलतंच नाव सांगतं.

१. फुलाचे दोन फोटो घ्या, समोरून आणि बाजूने.
२. फांदीचाही घ्या. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते दिसलं पाहिजे.
३. पान देठाशी खुडून चीक येतो का बघा. डबल तगर आणि अनंत यांचा घोळ इथेच सुटतो: तगरीला पांढरा चीक येतो, अनंताला नाही.

हे सगळं घेऊन शेजारच्या आजीला विचारलंत तर बहुतेक अ‍ॅपची गरजच पडत नाही.

चाखून मात्र बघू नका, चीक डोळ्यांना लागू देऊ नका. कण्हेर आणि कळलावी दोन्ही विषारी आहेत.