मीटिंगला जाताय? मग या चुका टाळा

अकरा वर्षं पुण्यात एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगांना जातोय. दारू सोडू पाहणारे तिथे एकत्र बसून बोलतात. नवी माणसं येताना पाहिली, त्याहून जास्त परत न येताना पाहिली. कारणं तीच तीच असतात. आता ऐकून कंटाळा आला, म्हणून लिहितोय.

"गेलो होतो, पण कुलूप होतं"

हे कारण मी स्वतः वापरलंय, त्यामुळे यावर जरा जास्त लिहिणार. गणपतीचे दिवस होते. कुठून तरी पत्ता मिळवला होता: पेठेतल्या एका शाळेतली खोली, संध्याकाळी सात. रस्ते बंद, म्हणून डेक्कनला स्कूटर लावली आणि लकडी पुलावरून गर्दीतून चालत गेलो. फाटकाला कुलूप. वॉचमन म्हणाला, "ते लोक होय? ते आता विसर्जनानंतरच. सध्या दुसरीकडे बसतात." कुठे, हे मी विचारलंच नाही. खरं सांगतो, कुलूप बघून सुटल्यासारखं वाटलं होतं. पूल परत ओलांडेपर्यंत वाक्य तयार होतं: मी प्रयत्न केला, त्यांनाच गरज दिसत नाही. आणि त्या दिवशी ड्राय डेही नव्हता. पुढचे सात महिने बायकोला ते कुलूप पुरवून पुरवून सांगितलं.

तेव्हा नुसत्या पत्त्यावर विसंबू नका. खोली शाळेची किंवा चर्चची असते, आपल्या मालकीची नसते. परीक्षा आली, निवडणूक आली की गट हलतो. एएच्या हेल्पलाइनवरून त्या गटातल्या कोणाचा तरी नंबर घ्या, दुपारी फोन करा आणि सरळ म्हणा, "पहिल्यांदाच येतोय, फाटकाशी थांबाल का?" थांबतात. मी वेगवेगळ्या वारांच्या दोन गटांचे नंबर जवळ ठेवतो. एक बंद असला तर दुसरा. आणि गणपतीत आमचा गट हलला की नव्या जागेची चिठ्ठी वॉचमनच्या खिशात स्वतः ठेवून येतो.

एकदम सोडून थेट मीटिंगला येणं

रोज भरपूर पिणाऱ्याने रात्री बाटली मोरीत ओतायची आणि सकाळपासून शूरवीर व्हायचं, हा प्रकार मला अजिबात आवडत नाही. काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांनी भ्रम होऊन नसलेली माणसं दिसू शकतात, आणि हे जिवावर बेततं. इथे विलपॉवर कामाची नाही. आधी डॉक्टरला खरं प्रमाण सांगा. घरी सांगतो ते नव्हे, खरं.

एए म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र समजणं

"ॲडमिट करायला किती घेता?" हा प्रश्न दर महिन्याला येतो. दाखल करून उपचार करणारी जागा वेगळी. येरवड्याचं मुक्तांगण तसं आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं. एएची सुरुवात 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात झाली, ती एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले यातून. आजही तेवढंच आहे. फी नाही, हजेरीपट नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. काही जणांना दोन्ही लागतं. मलाही लागलं.

बाकीचं थोडक्यात. बायकोला बंद मीटिंगला आणू नका, ती फक्त पिणाऱ्यांची असते. खुल्या मीटिंगला जरूर आणा, आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. ओळखीचं कोणी दिसेल म्हणून कोथरूड सोडून हडपसर गाठू नका. ओळखीचा दिसलाच तर तोही त्याच कारणासाठी आलाय. पिऊन आलात तरी या, पण त्या दिवशी फक्त ऐका.

"मला कन्सेप्ट कळला"

आमच्याकडे एक आयटीवाला आला होता. (हे त्याच्या परवानगीने लिहितोय, मीटिंगमधलं आम्ही बाहेर नेत नाही.) पहिल्याच दिवशी विचारलं, "बारा पायऱ्यांची पीडीएफ आहे का? वीकेंडला उरकतो." (या पायऱ्या म्हणजे एएचा दारूपासून दूर राहायचा कार्यक्रम.) वही आणायचा, मुद्दे काढायचा. समोरचा रस्त्यावर झोपायचा असं ऐकलं की याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं: मी एवढा नाही. चार मीटिंगांनंतर कन्सेप्ट कळला आणि माणूस गायब. चौदा महिन्यांनी परत आला तेव्हा डोळे पिवळे होते आणि नोकरी नव्हती. त्या खेपेला वही आणली नव्हती.

त्याची वही मला खटकायची नाही. खटकायचं ते हे, की प्रार्थना संपली की आठ वाजून एका मिनिटाला त्याची बाइक सुरू व्हायची. मीटिंगनंतर टपरीवर जो अर्धा तास जातो, त्यात फोन नंबर मिळतात, स्पॉन्सर, म्हणजे आपल्याला वाट दाखवणारा जुना सदस्य, कोणाला करावं ते कळतं, आणि पगाराच्या दिवशी घरी कुठल्या रस्त्याने जायचं असल्या क्षुल्लक गोष्टी कोणीतरी सांगतं. मला पहिलं वर्ष त्यांनीच तारून नेलं. बोलायला लाज वाटत असेल तर दहा मिनिटं लवकर या. खुर्च्या मांडायला एक माणूस नेहमी कमी पडतो.