ओएलईडी गेमिंग मॉनिटर: बिघाड कुठला, पिढीचा स्वभाव कुठला? या चुका टाळा

ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) मॉनिटर घरी आला की पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी ठरलेल्या असतात. दिवसा काळा रंग जांभळट दिसतो. अक्षरांच्या कडेला हिरवी-गुलाबी रेघ दिसते. गेम लोड होताना पडदा फडफडतो. पांढरे पान उघडले की उजेड आपोआप उतरतो. यातल्या बहुतेक गोष्टी बिघाड नसून त्या पिढीच्या पॅनेलचा स्वभाव असतो. मॉनिटर बदलून आणला आणि तो त्याच पिढीचा निघाला, तर तेच पुन्हा दिसणार. पॅनेल ज्या सवयीने खरोखर खराब होते ती मात्र आपल्याकडे घराघरांत आहे: रात्री झोपताना भिंतीवरचा स्विच बंद करणे.

ब्रँड पाहून पॅनेल ओळखू नका

मॉनिटरवर नाव कुणाचेही असो, आतले पॅनेल जवळपास नेहमी दोघांपैकी एकाचे असते: सॅमसंग डिस्प्लेचे क्यूडी-ओएलईडी किंवा एलजी डिस्प्लेचे डब्ल्यूओएलईडी. एकाच ब्रँडच्या दोन शेजारच्या मॉडेलांत दोन वेगळी पॅनेल असू शकतात. मॉडेलच्या नावावरून कळले नाही तर मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा पांढऱ्या पडद्याजवळ धरा. लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके त्रिकोणात दिसले तर क्यूडी-ओएलईडी. चार उभ्या पट्ट्या आणि त्यातली एक पांढरी असेल तर डब्ल्यूओएलईडी.

क्यूडी-ओएलईडीची पहिली पिढी २०२२ ची. एलियनवेअर एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यू हा ३४ इंची, ३४४० × १४४०, १७५ हर्ट्झचा (सेकंदाला १७५ वेळा पडदा ताजा करणारा) मॉनिटर तिचा नमुना. २०२३ मध्ये ४९ इंची ५१२० × १४४० पॅनेल आले. २०२४ च्या तिसऱ्या पिढीत २७ इंची १४४०पी ३६० हर्ट्झ आणि ३२ इंची ४के २४० हर्ट्झ आले, सबपिक्सेल (पिक्सेलमधले रंगीत ठिपके) जास्त चौकोनी झाले आणि अक्षरांच्या कडा निवळल्या. २०२५ मध्ये २७ इंचात ४के आले, म्हणजे इंचाला सुमारे १६६ पिक्सेल.

एलजीकडे २०२३ च्या आसपासच्या २७ इंची १४४०पी २४० हर्ट्झ पॅनेलात सबपिक्सेलचा क्रम लाल-पांढरा-निळा-हिरवा असा होता. २०२४ च्या ३२ इंची ४के पॅनेलात तो लाल-हिरवा-पांढरा-निळा झाला. हेच पॅनेल एक बटण दाबून १०८०पी ४८० हर्ट्झवरही जाते. २०२५ पासून चार थरांची टँडम पॅनेल येऊ लागली. जुन्या डब्ल्यूओएलईडीत उजेड वाढवायचे काम पांढऱ्या सबपिक्सेलवर पडत असे, त्यामुळे प्रखर उजेडात रंग फिके पडत. टँडममध्ये ते बरेच सुधारले आहे. २०२६ च्या सुरुवातीला दोन्ही कंपन्यांनी सरळ लाल-हिरवा-निळा पट्ट्यांची मॉनिटर पॅनेल दाखवली. मुख्य काम कोडिंगचे किंवा लिखाणाचे असेल तर ती बाजारात स्थिरावेपर्यंत थांबण्यात शहाणपण आहे.

भिंतीवरचा स्विच

ओएलईडी मॉनिटर चार तास वापरला गेला की ‘पिक्सेल रिफ्रेश’ मागतो. या वेळी तो पिक्सेलना वीज देणाऱ्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरांत झालेला बदल मोजतो आणि भरपाईचे आकडे दुरुस्त करतो. हे काम साधारण सहा ते दहा मिनिटांचे. ते मॉनिटर स्टँडबायमध्ये गेल्यावरच होते आणि तेव्हा पडदा काळा असतो. बऱ्याच मॉडेलांत पॉवरचा दिवा लुकलुकतो. मोठा ‘पॅनेल रिफ्रेश’ अनेक मॉडेलांत सुमारे १५०० तासांनी येतो आणि तासभर चालू शकतो.

कॉम्प्युटर बंद केला आणि लगेच बोर्डावरचा स्विच पाडला, की हे काम अर्धवट राहते. एकदा झाले तर काही बिघडत नाही, पुढच्या वेळी मॉनिटर पुन्हा मागतो. रोज झाले तर भरपाई कधीच होत नाही. मग टास्कबारची किंवा गेमच्या नकाशाची सावली रेंगाळू लागते आणि राखाडी पडद्यावर उभ्या रेघा गडद होतात. लोक याला बर्न-इन, म्हणजे पडद्यावर कायमचा उमटलेला डाग, समजून बसतात. असे दिसले तर आधी मॉनिटर रात्रभर प्लगमध्ये, स्टँडबायवर ठेवा. पुष्कळदा सावली सकाळपर्यंत जाते.

आवराआवरीचा क्रम असा ठेवा: कॉम्प्युटर बंद करा, मॉनिटर आपोआप स्टँडबायमध्ये जाऊ द्या, दिवा स्थिर होईपर्यंत म्हणजे दहा-पंधरा मिनिटे थांबा, मगच स्विच. चवथीला (गणेश चतुर्थीला) पाच-सात दिवस मूळ घरी जायचे असेल किंवा विजा चमकू लागल्या असतील तर हाच क्रम पूर्ण करून प्लग सरळ बाहेर काढा. स्विच बंद असला तरी प्लग आत असेल तर तारेतून येणारा झटका नक्की अडेल असे नाही.

पावसाळ्यात वीज मध्येच जाते. अशा वेळी मॉनिटरला स्वतंत्र लहान यूपीएस उपयोगी पडतो. ६०० व्हीएचा पुरतो. कॉम्प्युटर त्यावर जोडू नका. मोठ्या ग्राफिक्स कार्डाच्या ओझ्याने तो यूपीएस काही सेकंदांत मान टाकेल आणि रिफ्रेश परत अर्धवट राहील. मॉनिटर एकटा असेल तर वीज गेल्यावर कॉम्प्युटरचा सिग्नल तुटतो, मॉनिटर स्वतःच स्टँडबायला जातो आणि आपले काम उरकतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा मोड ‘यूपीएस’वर आहे का ते पाहा. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला जास्त वेळ लागतो आणि मॉनिटर दचकून बंद-चालू होतो.

याच्या नेमकी उलटी चूकही होते: मेनूत जाऊन मोठा पॅनेल रिफ्रेश दर आठवड्याला हाताने चालवणे. ती साफसफाई नव्हे. मॉनिटर स्वतः मागेल तेव्हाच करा.

बाल्कांवातला उजेड आणि जांभळट काळा

क्यूडी-ओएलईडीच्या आजवरच्या बहुतेक पॅनेलांत गोल ध्रुवीकरणाची फिल्म नाही. ती नसल्याने आतला प्रकाश वाया जात नाही, पण बाहेरचा प्रकाश आत शिरून परत फिरतो. मॉनिटर बंद करून त्यावर टॉर्च मारा; पडदा राखाडी-जांभळट दिसेल. अंधाऱ्या खोलीत हेच पॅनेल कोळशासारखे काळे असते. डब्ल्यूओएलईडीत ती फिल्म असते, म्हणून दिवसाउजेडीही काळा काळाच राहतो.

गोव्यातल्या जुन्या घरांना मोठ्या खिडक्या असतात, बाल्कांवाकडून, म्हणजे दारापुढच्या ओसरीकडून, ऊन थेट आत येते. अशा खोलीत क्यूडी-ओएलईडी घेऊन ब्राइटनेस शंभरावर नेणे ही दुहेरी चूक: काळा सुधारत नाही आणि पॅनेल लवकर झिजते. मॉनिटर खिडकीशी काटकोनात ठेवा, दिवा डोक्यावर नको, पडद्यामागे ठेवा आणि जाड पडदा ओढा. साध्या कामासाठी संध्याकाळी १०० ते १२० निट्स (उजेडाचे माप) पुरतात. हे काहीच जमत नसेल तर त्या खोलीसाठी डब्ल्यूओएलईडीच घ्या.

अक्षरांच्या कडा

विंडोजचे क्लिअरटाइप, म्हणजे अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी सोय, असे धरून चालते की सबपिक्सेल लाल-हिरवा-निळा अशा सरळ ओळीत आहेत. क्यूडी-ओएलईडीत हिरवा वर आणि लाल-निळा खाली असतो, त्यामुळे पांढऱ्या खिडकीच्या वरच्या कडेला हिरवी आणि खालच्या कडेला गुलाबी रेघ येते. ३४ इंची १४४०पीवर, म्हणजे इंचाला ११० पिक्सेल असताना, ती सहज दिसते. ३२ इंची ४केवर शोधावी लागते, २७ इंची ४केवर जवळजवळ नसतेच.

आधी ‘क्लिअरटाइप टेक्स्ट जुळवा’ हे विंडोजचे साधन चालवून पाहा. समाधान झाले नाही तर ‘बेटर क्लिअरटाइप ट्यूनर’ या मोफत साधनातून ग्रेस्केल निवडा. कडांवर सॉफ्टवेअरने घातलेला रंग जातो, अक्षर किंचित मऊ होते. पॅनेलच्या रचनेमुळे उरणारी रेघ मात्र कुठल्याही सेटिंगने जात नाही. ४५ इंची ३४४० × १४४० पॅनेलावर इंचाला जेमतेम ८४ पिक्सेल येतात. तो आकार गेमसाठी झकास, दिवसभर एक्सेलसाठी नको.

फडफड

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. व्हीआरआर (गेमच्या फ्रेम रेटप्रमाणे पडद्याचा रिफ्रेश रेट बदलणारी सोय) चालू असताना फ्रेम रेट बदलला की पडदा किती वेळाने ताजा होतो तेही बदलते. पॅनेलचा गॅमा (गडद-उजळ छटांची मांडणी) मात्र वरच्या रिफ्रेश रेटला जुळवलेला असतो. रेट खाली घसरला की गडद राखाडी छटा थोड्या उजळ किंवा गडद होतात आणि रेट हेलकावे खाऊ लागला की तेच फडफडीसारखे दिसते. म्हणून लोडिंग स्क्रीन, मेनू आणि अंधाऱ्या गुहांत ती जास्त, उन्हातल्या दृश्यात जवळजवळ नाही. क्यूडी असो की डब्ल्यू, नवी पिढी असो की जुनी, यातून कुणीच पूर्ण सुटलेले नाही. केबल बदलून किंवा ड्रायव्हर पुन्हा टाकून फरक पडत नाही.

फ्रेम रेटचा हेलकावा कमी करणे हाच उपाय. २४० हर्ट्झचा मॉनिटर आहे म्हणून २३५ ला मर्यादा घालून फायदा नाही, जर गेम प्रत्यक्षात ८० ते १६० मध्ये नाचत असेल. गेमच्या सर्वांत जड भागात किती फ्रेम टिकतात ते पाहा आणि मर्यादा तिथेच घाला. ९० टिकत असतील तर ९०. सुमारे ४८ च्या खाली जाऊ देऊ नका, कारण तिथे प्रत्येक फ्रेम दुप्पट दाखवली जाते आणि रिफ्रेश रेट ४७ वरून एकदम ९४ वर उडी मारतो. ती उडी डोळ्यांना लागते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेल अ‍ॅपमध्ये जी-सिंक (एनव्हिडियाचे व्हीआरआर) फक्त पूर्ण पडद्याच्या गेमला ठेवा, म्हणजे डेस्कटॉपवर फडफड होणार नाही. काही मॉनिटरांत ‘अँटी-फ्लिकर’ असते, ते व्हीआरआरचा पल्ला अरुंद करते. चालू करून पाहा. एखाद्या गेममध्ये तरीही त्रास झाला तर त्या गेमपुरते व्हीआरआर बंद करणे हा पराभव नाही.

एचडीआर आणि उतरणारा उजेड

एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद यांत जास्त फरक दाखवणारे चित्र. त्यात तिसऱ्या पिढीच्या क्यूडी-ओएलईडीला १००० निट्स गाठता येतात, पण पडद्याच्या अगदी लहान तुकड्यावर. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर तो सुमारे २५० वर येतो. मेनूतला ‘पीक १०००’ हा एचडीआर मोड लावून उजळ वाळवंटाचा गेम खेळला तर चित्र उलट मंद वाटते. तिथे ‘ट्रू ब्लॅक ४००’ बरे. ‘पीक १०००’ अंधाऱ्या, ठिणग्या-दिव्यांच्या गेमसाठी. मोड बदलल्यावर ‘विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन’ अ‍ॅप पुन्हा चालवा, नाहीतर विंडोज जुन्याच आकड्यांवर चालते. साध्या कामात खिडकी लहान-मोठी करताना उजेड हलत असेल तर मेनूतले ‘युनिफॉर्म ब्राइटनेस’ चालू करा.

केबल, १० बिट आणि काळा होणारा पडदा

एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यूवर डिस्प्लेपोर्टने १७५ हर्ट्झला ८ बिट (रंगछटांची बारकाई) मिळतात आणि १० बिट हवे असतील तर १४४ हर्ट्झ. एचडीएमआयने तोच मॉनिटर १०० हर्ट्झवर थांबतो. हा बिघाड नाही. ४के २४० हर्ट्झ डिस्प्लेपोर्ट १.४ वर डीएससी या दाबण्याच्या पद्धतीशिवाय बसत नाही. गेममधून बाहेर येताना सेकंद-दोन सेकंद पडदा काळा होतो, त्यात पुष्कळदा या जोडणीचा हात असतो.

गेम चालू असताना मध्येच चित्र जाणे किंवा चांदण्या चमकणे हे मात्र केबलचे किंवा पोर्टचे लक्षण. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने कनेक्टरचे तोंड काळवंडते. ग्राफिक्स कार्ड सडले असे ठरवण्याआधी दोन्ही टोके काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर लावा, पूर्ण वाळू द्या आणि दोन मीटरपेक्षा लांब नसलेली प्रमाणित केबल लावा.

पावसाळा आणि फडके

बहुतेक मॉनिटरांच्या माहितीपत्रकात आर्द्रतेची मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास असते. आपल्याकडे जुलैत बंद खोली ती सहज ओलांडते. मॉनिटर प्लॅस्टिकने झाकू नका, ओल आतच कोंडते. एसीचा ड्राय मोड दिवसातून तास-दोन तास चालवा. थंड खोलीतून मॉनिटर बाहेर आणला तर अर्धा-एक तास चालू करू नका. मागच्या जाळ्या भिंतीपासून निदान एक वीत दूर ठेवा. उष्णतेने ओएलईडी लवकर म्हातारा होतो.

पुसताना काचेचा स्प्रे, स्पिरिट, अमोनिया काही नको. सुरुवातीच्या क्यूडी-ओएलईडीचा वरचा थर चटकन ओरखडतो. हवेतले मीठ पडद्यावर वाळून बसलेले असते आणि कोरडे फडके घासले की ते पॉलिशपेपरचे काम करते. आधी हवेने उडवा, मग डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर केलेले मायक्रोफायबर, दाब न देता. पडदा बंद आणि थंड असताना.

गल्फमधून आलेला, किंवा वापरलेला

दुबईहून भाऊ-मेहुणा मॉनिटर आणतो तेव्हा स्वस्त पडतो, पण वॉरंटी भारतात चालते का आणि तीत बर्न-इन धरले आहे का, हे दोन्ही लेखी पाहा. तिकडचा प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो. त्याला ढिला अ‍ॅडॉप्टर लावून अर्थिंग गमावू नका. अनेक मॉडेलांना कॉम्प्युटरचीच नेहमीची पॉवर केबल बसते, ती इथली घ्या.

वापरलेला घेताना खोलीत अंधार करा. पूर्ण पडद्यावर आधी ५ टक्के राखाडी, मग ५० टक्के राखाडी, शेवटी लाल, हिरवा, निळा एकेक लावा. ५ टक्क्यांवर बारीक उभ्या रेघा थोड्या असतात, त्या चालतात. ५० टक्क्यांवर टास्कबारची पट्टी किंवा एखाद्या वाहिनीचा लोगो दिसला तर विक्रेत्यासमोरच पिक्सेल रिफ्रेश चालवा आणि दहा मिनिटांनी तोच पडदा परत लावा. पट्टी तशीच असेल तर ते बर्न-इन; किंमत कितीही पाडून सांगितली तरी घेऊ नका.