मॉलमधल्या अमेरिकी डायनरमध्ये जेवायला जाताना

कोकण रेल्वेने पनवेलला उतरून नवी मुंबईत लेकीकडे किंवा मुलाकडे चार दिवस राहायला गेलेल्या आईवडिलांना एखाद्या संध्याकाळी हमखास मॉल दाखवला जातो, आणि तिथे चकचकीत स्टीलच्या पट्ट्या, लाल रेक्झिनची बाकडी व काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी असलेल्या ‘अमेरिकन डायनर’मध्ये जेवणाचा बेत ठरतो. मेनूकार्ड मुले वाचतात, मागवतातही तीच, आणि वडीलधारी मंडळी पुढे येईल ते मुकाट्याने खातात. थोडी माहिती आधी असेल, तर आपल्या आवडीचे आपणच मागवता येते.

पहिली गोष्ट म्हणजे या जागेला बिचकण्याचे कारण नाही, कारण डायनर हा मुळात श्रीमंतांचा प्रकार नव्हेच. १८७२ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना सँडविच, उकडलेली अंडी आणि कॉफी विकायला सुरुवात केली, आणि तिथूनच ही परंपरा निघाल्याचे मानले जाते. पुढे अशी उपाहारगृहे कारखान्यात आगगाडीच्या डब्यासारखी तयार करून थेट जागेवर नेऊन ठेवू लागले. डब्यासारखा लांबट आकार, मध्ये लांब काउंटर आणि त्यापुढे उंच गोल स्टुले ही रचना त्यामुळेच आली. आपल्याकडे याचे जवळचे नातेवाईक शोधायचे झाले, तर ते एसटी स्थानकावरचे कँटीन होय. फरक इतकाच, की मॉलमध्ये आल्यावर या कँटीनला वातानुकूलन आणि त्यासोबतचा भाव चिकटला.

शनिवार-रविवारची संध्याकाळ शक्यतो टाळावी. डायनरमध्ये न्याहारीचे पदार्थ बहुधा दिवसभर मिळतात, त्यामुळे दुपारी चारच्या सुमारास गेल्यास जागाही मिळते आणि वाढणाऱ्याला आपल्या प्रश्नांची उत्तरे द्यायला सवडही असते. गावाहून आणलेले सामान मात्र आधी घरी ठेवावे. सुकट आणि सोडे असलेली पिशवी घेऊन बंदिस्त वातानुकूलित जागेत बसल्यावर शेजारच्या टेबलांवर काय होते, हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे.

मॉलच्या फूड कोर्टमध्ये आधी पैसे भरून आपला ट्रे आपणच आणायचा असतो. डायनरमध्ये बसून मागवायचे आणि शेवटी बिल द्यायचे असते. दाराशी उभे राहिल्यास कर्मचारी किती माणसे आहेत हे विचारून जागा दाखवतो, म्हणून रिकामे टेबल दिसले तरी थेट जाऊन बसू नये. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी उंच स्टूल घेऊ नये, आणि भिंतीलगतच्या बाकड्यावर आत सरकण्यापेक्षा कडेची जागा मागावी. हात धुण्याचे बेसिन आपल्या खानावळीप्रमाणे आतच असेल असे नाही, म्हणून मॉलच्या स्वच्छतागृहातून हात धुऊनच आत शिरावे.

आता मेनूकार्डाकडे वळू. अंड्यांच्या प्रकारांत ‘सनी साइड अप’ म्हणजे एकाच बाजूने तळलेले, पिवळा बलक पातळ ठेवलेले अंडे; ‘ओव्हर ईझी’ म्हणजे उलटलेले, पण आत बलक पातळच असलेले; आणि बलक घट्ट हवा असेल तर ‘ओव्हर हार्ड’ असे सांगावे. आमच्या देवरुखच्या काकांनी सनी साइड अप आल्यावर ‘हे अर्धे कच्चे राहिले आहे’ म्हणून बशी परत पाठवली होती, आणि खानसाम्याने तेच अंडे उलटून भाजून दिल्यावर समाधानाने खाल्ले. लाजून न खाता सोडण्यापेक्षा काकांचा मार्ग चांगला. अंड्यासोबत येणारे ‘हॅश ब्राउन’ म्हणजे किसलेल्या बटाट्याची खरपूस तळलेली वडी असते, आणि ती आपल्याकडील बहुतेकांना पहिल्याच घासाला आवडते.

पॅनकेक म्हणजे घावन अशी समजूत करून घेऊ नये. घावन तांदळाच्या पिठाचे, पातळ आणि जाळीदार असते. पॅनकेक मैदा, दूध, अंडे आणि बेकिंग पावडर यांचा, जाडसर आणि मऊ असतो, आणि असे तीन-चार पॅनकेक एकावर एक रचून त्यावर लोण्याचा गोळा ठेवलेला असतो. सोबत येणारे मेपल सिरप हे मूळचे मेपल वृक्षाच्या रसाचे आहे. माडाची नीरा आटवून गूळ करतात तसाच सुमारे ४० लिटर रस आटवला, की जेमतेम एक लिटर सिरप मिळते. त्यामुळे ते महाग पडते आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या स्वादाचा साधा साखरेचा पाकच दिला जातो. सगळा पाक एकदम ओतल्यास पॅनकेकचा लगदा होतो, म्हणून प्रत्येक घासापुरता घ्यावा.

हॅम्बर्गरच्या नावात ‘हॅम’ दिसले तरी त्याचा डुकराच्या मांसाशी संबंध नाही. ते नाव जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरावरून आले आहे. अमेरिकेत त्यात गोमांस असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कोंबडीचा, मटणाचा किंवा भाज्यांचा बर्गर मिळतो. ‘बेकन’ मात्र डुकराच्या मांसाचेच असते आणि ते सँडविचमध्ये किंवा बटाट्याच्या फ्राइजवरही चुरून घातलेले असू शकते, म्हणून ज्यांना चालत नाही त्यांनी नाव घेऊन विचारावे. तीन पावांच्या क्लब सँडविचमध्ये ते सुटू नये म्हणून काड्या खोचलेल्या असतात. त्या खाण्यापूर्वी आठवणीने काढाव्यात, विशेषतः ताटात नातवंडांचा वाटा असेल तर.

शाकाहारी मंडळींनी, आणि संकष्टी किंवा श्रावण पाळणाऱ्यांनीही, केवळ हिरव्या खुणेवर थांबू नये. अंडे असलेला पदार्थ आपल्याकडील नियमांप्रमाणे मांसाहारीच धरला जातो, तरीही पॅनकेक, वॉफल किंवा ब्राउनी बिनअंड्याची आहे का, हे स्पष्ट विचारावे. बिनअंड्याचे मेयोनेज सहज मिळते, पण तेही गृहीत धरू नये. त्याहून महत्त्वाचा प्रश्न तव्याचा आहे. डायनरच्या स्वयंपाकघरात एका मोठ्या सपाट तव्यावर सगळे भाजण्याची पद्धत आहे, त्यामुळे शाकाहारी पदार्थांसाठी वेगळा तवा आणि तळणीचे वेगळे तेल आहे का, हे मागवण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

पदार्थांचे प्रमाण मोठे असते. दोन माणसांनी एक बर्गर, एक पॅनकेकची बशी आणि एक मिल्कशेक मागवून सुरुवात करावी, कारण नंतर वाढवता येते. मागवलेले मात्र परत करता येत नाही. जुन्या पद्धतीच्या डायनरमध्ये मिल्कशेकच्या पेल्यासोबत उरलेला शेक स्टीलच्या भांड्यात वेगळा देतात, तेव्हा ते भांडे आपले नव्हे असे समजून परत करू नये. अमेरिकेत साधी कॉफी पुन्हापुन्हा फुकट भरून देण्याची रीत आहे. इथे ती असेलच असे नाही, म्हणून दुसरा कप घेण्यापूर्वी विचारावे.

बर्गर हातानेच खायचा असतो. तो हलका दाबून, खालचा कागद तसाच ठेवून धरला तर आतले सारण मागून निसटत नाही. काट्या-चमच्याने कापून खाल्ला तरी कोणी हसत नाही. आणि हसले, तर तो त्यांचा प्रश्न आहे.

बिल आल्यावर चष्मा लावून वाचावे. मॉलमधील अशा उपाहारगृहात साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १,००० रुपयांच्या जेवणावर ५० रुपये. ‘सर्व्हिस चार्ज’ ही निराळी बाब आहे आणि तो कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही तत्त्वे उचलून धरली. तो लावलेला दिसल्यास शांतपणे काढायला सांगावे. ऐकले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. अमेरिकेत १५ ते २० टक्के टीप देण्याची रीत आहे, कारण तिथल्या वाढप्यांना केंद्रीय कायद्याने द्यावे लागणारे किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. ती टक्केवारी इथे पाळण्याची गरज नाही. सेवा आवडली तर जमेल ते वाढणाऱ्याच्या हातात द्यावे.

उरलेले बांधून मागण्यात कमीपणा नाही. फ्राइज घरी नेऊ नयेत, कारण अर्ध्या तासात त्या मऊ पडतात. पाक न लागलेले पॅनकेक मात्र अवश्य न्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बिडाच्या तव्यावर थेंबभर तूप सोडून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी गरम केले, की चहासोबत ते डायनरमधल्यापेक्षाही बरे लागतात.