हापूसचं ऑनलाइन दुकान चालवताय? सीझनमध्ये या चुका टाळा

पाडवा जवळ आला की फोनवर एकच प्रश्न सुरू होतो, "ताई, आंबा कधी?" आम्ही आमच्या बागेतला हापूस स्वतःच्या वेबसाइटवरून विकतो, आधी सगळा माल पेट्या भरून वाशीला जायचा. ऑनलाइन आल्यावर मला वाटलं होतं की जाहिरात चांगली केली की धंदा वाढतो, पण आमची गिऱ्हाईकं तुटली ती जाहिरात कमी पडली म्हणून नाही, झाडावर काय आहे ते न बघता शब्द देऊन बसलो म्हणून. त्यामुळे ज्यांना चैत्र-वैशाखात दुकान वाढवायचंय त्यांनी हे जरा नीट वाचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गेल्या वर्षीचं कॅलेंडर तसंच्या तसं उचलणं. पाडवा २०२४ ला ९ एप्रिलला होता, २०२५ ला ३० मार्चला, २०२६ ला १९ मार्चला, म्हणजे दोन वर्षांत तीन आठवडे अलीकडे आला आणि २०२७ ला परत ७ एप्रिलला जातोय. आंब्याला हे माहीत नसतं, त्याचं गणित मोहर, थंडी आणि फळ कधी धरलं यावर. फळ धरल्यापासून तोडणीला यायला साधारण शंभर-एकशेदहा दिवस लागतात, त्यामुळे कणी, म्हणजे नुकतं धरलेलं बारीक फळ, दिसली की त्या भागातल्या झाडांची तारीख वहीत लिहा, तिथून दिवस मोजा आणि तेवढ्याच डझनांचं बुकिंग उघडा. आम्ही एका वर्षी पाडव्याची जाहिरात लावून दीडशे डझन बुक केले, मग अवकाळी पाऊस आला, फळगळ झाली, आणि हातात आले पन्नास डझन. शंभर डझनांचे पैसे परत केले, ते लोकांच्या खात्यात पोचायला आठवडा गेला, आणि सणाला आंबा नाही तो नाहीच. आता मी अंदाजाच्या साठ टक्केच स्टॉक साइटवर टाकते आणि एक तारीख कधीच देत नाही, "१० ते १८ एप्रिल दरम्यान" असं लिहिते. लोक समजून घेतात हो, फक्त आधी सांगावं लागतं.

फोटो. नेटवरून उचललेला लालभडक आंब्याचा फोटो लावू नका, हापूस तसा दिसत नाही आणि तुमच्या पेटीतून तर हिरवा-कडक आंबा जाणार आहे. आपल्याच पडवीत, सकाळच्या उजेडात, तळहातावर ठेवून काढलेला फोटो लावा. आणि "पेटी" एवढंच लिहून सोडू नका, कुणाच्या डोक्यात चार डझनाची पेटी असते कुणाच्या सहा डझनाची, म्हणून डझन किती आणि एक फळ किती ग्रॅमचं ते स्पष्ट लिहा, २०० ते २५० ग्रॅम वेगळं आणि २५० च्या वरचं वेगळं, भावही वेगळा.

आता पिकवण्याचं, कारण निम्म्या तक्रारी इथूनच येतात. पुण्याहून एका काकूंचा फोन आला, "अगं हे तर कच्चे आहेत, लोणचं घालू का?" त्यांची काहीच चूक नव्हती, मी बॉक्समध्ये काही लिहूनच दिलं नव्हतं. आता प्रत्येक बॉक्समध्ये मराठीत छापलेलं कार्ड जातं: बॉक्स उघडून हवा लागू द्या, पेंढ्यात किंवा कागदात एका थरात पसरून ठेवा, रोज एकदा हात फिरवून मऊ झालेले बाजूला काढा, पिकायच्या आधी फ्रिजमध्ये अजिबात नको, देठाशी घमघमाट सुटला आणि सालीवर बारीक सुरकुती आली की खा. एवढ्या एका कार्डाने फोन अर्ध्यावर आले.

तरी तक्रार आलीच तर आधी कापलेल्या आंब्याचा फोटो मागवा. आठ-दहा दिवस झाले तरी कडक, नुसता सुकतोय आणि गोडी नाही, तर तो कोवळा तोडलाय, चूक आपली. आमच्याकडे चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार झालेलाच तोडायचा म्हणतात, घाईघाईत बारा आण्याच्या आतला गेला की हेच होतं. सालीवर काळे ओघळ असतील तर देठ तुटून चीक सांडलाय, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवायला गड्यांना परत परत सांगा. आणि बाहेरून सोन्यासारखा पण आत पांढरट, आंबूस, तर तो साका, हापूसचं जुनं दुखणं, बाहेरून कुणालाच दिसत नाही. झाडावर जास्त पिकू दिला की साका वाढतो, तोडलेलं फळ तापल्या कातळावर पडून राहिलं तरी त्रास होतो, म्हणून सकाळच्या गारव्यात तोडायचं आणि लगेच सावलीत आणायचं. गिऱ्हाइकाला साका म्हणजे काय ते साइटवर आधीच सांगून ठेवा आणि जेवढी फळं खराब तेवढ्यांचे पैसे वाद न घालता परत करा.

कुरिअरचा धडा आम्ही फार महागात शिकलो. शुक्रवारी दुपारी अठरा बॉक्स दिले, शनिवार-रविवार ते गोडाऊनच्या पत्र्याखाली पडून राहिले आणि सोमवारी लोकांनी उघडले तेव्हा खालचा थर शिजल्यासारखा झाला होता. तेव्हापासून माल फक्त रविवार ते बुधवार निघतो. मुंबई-पुण्याचा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जातो, सकाळी तिथला आमचा माणूस उतरवून घरोघरी देतो. बाकी जे पिनकोड दोन दिवसांत पोचत नाहीत ते साइटवरून काढूनच टाकलेत, ऑर्डर गेली तरी चालेल. आणि भोकं असलेला बॉक्सच वापरा, बंद बॉक्समध्ये आंब्याची वाफ आंब्यालाच खाते. कॅश ऑन डिलिव्हरीही बंद करा, परत आलेला आंबा विकता येत नाही.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. बऱ्याच ऑर्डर परदेशातल्या मुलांच्या असतात, मुलगा न्यू जर्सीत आणि आंबा कोथरूडला आईबाबांकडे. अशा वेळी तुमच्या फॉर्ममध्ये एकच मोबाइल नंबर असेल तर डिलिव्हरीचा ओटीपी अमेरिकेत मध्यरात्री वाजतो आणि इथे आजोबा दारात उभे. घेणाऱ्याचा नंबर वेगळा मागा, परदेशी कार्ड चालतंय का ते सीझनच्या आधी स्वतः तपासा आणि दोन ओळींची चिठ्ठी लिहायची सोय द्या. ती चिठ्ठी मी हाताने लिहून बॉक्समध्ये घालते, वेळ जातो पण घालतेच.

आंबा झटपट पिकवायच्या कार्बाइडला हातसुद्धा लावू नका, कायद्याने बंदी आहे आणि लहान पोरं खातात तो आंबा. मागणी वाढली म्हणून कर्नाटकातला आंबा आणून "देवगड" म्हणून विकायचा मोहही आवरा. २०१८ साली हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. बागेत संपला की साइटवर "संपला" लिहा.

मृगाचा पाऊस लागला की मी दुकान बंद केल्याचा मेसेज सगळ्यांना पाठवते, सोबत कोकम, आंबापोळी, फणसाचे गरे काय काय उरलंय ते. आणि ज्यांना आंबा देता आला नाही, पैसे परत करावे लागले, त्यांची नावं वहीत वेगळी लिहिलेली आहेत, पुढच्या सीझनची पहिली लिंक त्यांनाच जाते.