किनाऱ्यावरच्या सुट्टीत हवामान बिघडले, तर या चुका टाळा

कोकणातील समुद्रकिनाऱ्यावरची कौटुंबिक सहल हवामानामुळे मोडते ती बहुधा मे महिन्याच्या उत्तरार्धात. शाळा उघडण्यापूर्वीचे मोकळे दिवस म्हणून याच काळात किनाऱ्यावर गर्दी होते आणि अरबी समुद्रही याच दिवसांत बिघडू लागतो. 2025 मध्ये 24 मे रोजी कमी दाबाच्या तीव्र क्षेत्राने रत्नागिरी व दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडला आणि 26 मे रोजी, म्हणजे 11 जून या नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी, मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला. अशा प्रसंगी वाऱ्यापावसाइतकाच त्रास ‘पैसे भरले आहेत, तेव्हा निदान बोटीत तरी बसून येऊ’ या हट्टाने होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील बहुतेक चुकांच्या मुळाशी तोच हट्ट असतो.

बिघाड कोणत्या जातीचा आहे, हे न ओळखणे

वळवाचा पाऊस, कमी दाबाचे क्षेत्र आणि चक्रीवादळ यांना एकच समजणे ही पहिली चूक होय, कारण मुक्काम हलवायचा की नाही हे त्यावरच ठरते. वळीव दुपारनंतर सह्याद्रीच्या अंगाने चढतो, गडगडाट करतो आणि बहुधा तास-दोन तासांत आटोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलेले असते आणि सहल आवरती घेण्याचे काही कारण नसते. कमी दाबाच्या क्षेत्रात मात्र सरींवर सरी रात्रंदिवस येत राहतात, वारा पडत नाही आणि हे दोन-तीन दिवस चालू शकते. चक्रीवादळाची सूचना असेल, तर विचार करत बसण्यात अर्थ नाही. ते येण्यापूर्वी, उजेडात, किनारा सोडावा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात धडकले, त्यानंतर तेथील अनेक गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले होते.

हा फरक मोबाइलवरच्या ढगाच्या चित्रावरून कळत नाही. भारतीय हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा पाहावा, आणि तोही आपण जेथे आहोत त्या जिल्ह्याचा: मालवणात असाल तर सिंधुदुर्गाचा, दापोलीत असाल तर रत्नागिरीचा, काशीदला असाल तर रायगडाचा. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास सांगतो, नारिंगी तयारीत राहण्यास आणि लाल प्रत्यक्ष पाऊल उचलण्यास. याखेरीज यजमानांना एवढेच विचारावे, ‘काका, बंदरात बावटा लागलाय का?’ बावटा म्हणजे बंदरावर लावला जाणारा वादळी हवेचा क्रमांकित इशारा. तीन नंबरचा बावटा लागला असेल आणि गावातले मच्छीमार होड्या ओढून वर सुरूच्या बनापर्यंत आणत असतील, तर आपल्या पर्यटनाच्या बोटीबद्दल आणखी चौकशी करण्याची गरज उरत नाही.

पाऊस थांबला म्हणजे समुद्र निवळला, असे मानणे

सर्वांत घातक चूक हीच आहे. लाटा शेकडो किलोमीटर दूर उठलेल्या असू शकतात, त्यामुळे डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही किनाऱ्यावर उंच लाटा येतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था अशा उंच लाटांचे स्वतंत्र इशारे देते. पावसाच्या अंदाजाबरोबर तेही पाहावेत. भरतीच्या वेळेसाठी जुन्या लोकांचा ‘तिथीची पाऊणपट’ हा हिशेब आजही उपयोगी पडतो. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे मुंबईच्या आसपास पूर्ण भरती तीनच्या सुमारास. दक्षिणेकडे ती काहीशी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खवळलेला समुद्र आणखी वर चढतो, हेही ध्यानात ठेवावे.

लाटा फुटत असताना मधेच एक पट्टा शांत दिसतो आणि लहान मुलांना घेऊन लोक नेमके तेथेच उतरतात. प्रत्यक्षात किनाऱ्यावर चढलेले पाणी अनेकदा त्याच वाटेने जोरात समुद्राकडे परतत असते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. तरंगत राहावे आणि ओढ सैल होईपर्यंत किनाऱ्याला समांतर पोहावे. बुडणाऱ्याच्या मागे कुटुंबातील दुसऱ्याने उडी घेऊ नये. दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा, गावातील जीवरक्षकांना हाक द्यावी आणि 112 वर फोन करावा.

बोटीच्या बाबतीत घासाघीस करून जादा माणसे बसवणे आणि उकडते म्हणून लाइफ जॅकेट सैल ठेवणे या दोन्ही गोष्टी आपल्याच हातून होतात. 24 मे 2022 रोजी तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, तोही याच हंगामात.

विजा चमकत असताना झाडाखाली थांबणे

गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. पाण्यातून लगेच बाहेर यावे, पण माड किंवा सुरूच्या आडोशाला जाऊ नये. पक्के घर किंवा काचा लावलेली मोटार गाठावी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास किनाऱ्यावर परतू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देते.

गाडी पुळणीवर नेणे

छायाचित्रासाठी पुळणीवर उतरवलेली गाडी भरतीच्या पाण्यात अडकल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. चाक रुतले की अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिल्याने ते केवळ खोल जाते. चाकांपुढची वाळू हाताने उपसावी, टायरमधली थोडी हवा सोडावी, खाली सुक्या झावळ्या घालाव्यात आणि हळू बाहेर काढावी. पाणी चाकांपर्यंत आले असेल तर गाडीचा मोह सोडून माणसे वर न्यावीत. इंजिनात पाणी गेल्याची शंका असल्यास पुन्हा चावी फिरवू नये. त्यातून होणारे इंजिनाचे नुकसान साध्या विम्यात बहुधा भरून मिळत नाही. वादळी वाऱ्यात गाडी माडाखालीही उभी करू नये, कारण एक नारळ काच फोडण्यास पुरेसा असतो.

घाबरून रात्रीच निघणे

संध्याकाळी वीज गेली, मुले रडू लागली, की सामान गाडीत कोंबून घाट गाठण्याची घाई होते. मुसळधार पावसात ताम्हिणी, कुंभार्ली किंवा करूळ घाटात रात्री दरड दिसत नाही, पुलावरचे पाणीही दिसत नाही. महाडचा सावित्री नदीवरील जुना पूल 2 ऑगस्ट 2016 रोजी रात्रीच वाहून गेला आणि त्यात एसटीच्या दोन बसगाड्या गेल्या. इमारत पक्की असेल, उंचावर असेल आणि प्रशासनाने गाव सोडण्यास सांगितले नसेल, तर रात्र तेथेच काढावी. निघण्यापूर्वी 1077 या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर घाटरस्त्याची चौकशी करावी.

मुक्कामात पाण्याचा पंप, मोबाइलचा टॉवर आणि यूपीआय ही तिन्ही विजेबरोबर बंद पडू शकतात. म्हणून इशारा दिसताच बादल्या भरून घ्याव्यात, फोन चार्ज करावेत, थोडी रोख काढावी आणि वृद्धांची औषधे दोन दिवसांची जादा आहेत का ते पाहावे. पैशांविषयी यजमानांशी वाद घालण्याऐवजी तारीख पुढे ढकलून मागावी. घरगुती निवासाचे मालक अनेकदा परतावा देण्यापेक्षा दिवाळीनंतरचे दिवस देण्यास सहज तयार होतात. ठरले ते दोन ओळींत संदेशावर लिहून घ्यावे.