पॉमला औषध देताना या चुका टाळा, मग खुशाल 'साइड इफेक्ट' म्हणा

आमच्या कोल्हापूर भागात औषधांची दुकानं म्हशींची आणि पेशंट मात्र पॉमेरियन, म्हणजे लाडानं पॉम, अशी सध्याची परिस्थिती आहे. पूर्वी क्लिनिकला कुत्री कमी यायची, आता गल्लीगल्लीत गॅलरीतून एखादं पांढरं केसाळ भुंकतंच. आणि आठवड्यातून एकदा तरी फोन येतो की मॅडम, औषधाचा साइड इफेक्ट झालाय. मी विचारते किती दिलं, तर उत्तर येतं "थोडंसंच". कधी दिलं, "मघाशी". नाव काय, "ती गुलाबी गोळी". ह्याच्यावर मी काय सांगणार?

सगळ्यात मोठी चूक वजनाची, आणि ह्या एका चुकीवर मी पान भरून लिहिणार आहे, कंटाळा आला तर आला.

खरा पॉमेरियन मोठा झाला तरी साधारण दीड ते सव्वातीन किलोचा. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जे विकतात त्यातले बरेचसे इंडियन स्पिट्झ, त्यातली लहान जात पाच ते सात किलो आणि मोठी तर १२ ते २० किलोपर्यंत जाते. आता शेजारणीच्या "पॉम"ला अर्धी गोळी दिली म्हणून तुम्ही तुमच्या पॉमला अर्धी दिली, तर तिचा सहा किलोचा आणि तुमचा अडीच किलोचा, म्हणजे झाला ना दुपटीच्या वर डोस. नाव एक, कुत्री दोन. जात बघून औषध द्यायचंच नाही, काट्यावर बघून द्यायचं. माणसाच्या काट्यावर कुत्र्याला घेऊन उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत लॅब्राडॉरला ठीक आहे, अडीच किलोच्या जिवाला त्यात अर्ध्या किलोची चूक म्हणजे खूप झाली. मी क्लिनिकमध्ये तान्ह्या बाळांचा काटा ठेवलाय. घरी नसेल तर ओळखीच्या किराणावाल्याकडे सकाळी गिऱ्हाईक नसताना जा, तो हसेल, हसू दे.

तर ती गोष्ट. एका घरी पावणेतीन किलोच्या आसपासचा पॉम, खरजेनं बेजार, कानामागचे केस गेलेले, रात्रभर खाजवत बसायचा. मालकिणीचे मामा गावाकडे, त्यांचा गोठा. मामा रविवारी आले ते खिशात आयव्हरमेक्टिनची, म्हणजे जनावरांच्या जंत-खरजेच्या औषधाची बाटली आणि सिरिंज घेऊनच. म्हशीला वर्षानुवर्षं देतोय, काही होत नाही, असं म्हणून दिलं टोचून मानेवर, एक सीसी. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रं सोफ्याला धडकायला लागलं. लाळ गळतेय, मागचे पाय झोकांड्या खातायत, ट्यूबलाइटखाली धरलं तरी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या काळ्याभोर, म्हणजे दिसतच नव्हतं त्याला. त्यावर ह्या लोकांनी काय केलं, तर ताक पाजलं, मग लिंबू सरबत, आणि दुपारी माझ्याकडे आले.

"मॅडम, वासराला पण एवढंच देतो की," मामा म्हणाले.

"मामा, वासरू केवढं असतं?"

"असंल की चाळीस-पन्नास किलो."

"आणि हे?"

मामा गप्प.

हिशोब अगदी सरळ आहे. ती बाटली एक टक्क्याची, म्हणजे एका सीसीत १० मिलिग्रॅम औषध. जनावरांसाठी त्या बाटलीचा हिशोब ५० किलोला एक सीसी असा असतो. खरजेसाठी कुत्र्यात जो डोस डॉक्टर वापरतात तो किलोला ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास धरला, तर ह्या कुत्र्याला लागणार होतं साधारण ०.०८ सीसी. शून्य पूर्णांक शून्य आठ! साध्या दोन सीसीच्या सिरिंजवर एवढी बारीक रेघच नसते हो. म्हणजे त्याला बाराएक पट गेलं, आणि तेही कातडीखाली, म्हणजे उलटी करवून काढताही येत नाही. ह्याच्यावर उतारा म्हणून एखादं इंजेक्शन नाही. सलाइन लावायचं, अंग गरम ठेवायचं, कूस बदलत राहायची, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालायचं आणि वाट बघायची. वाचलं ते कुत्रं, आठवडाभरात दिसायलाही लागलं, पण प्रत्येक वेळी वाचतंच असं नाही.

आणि एवढं होऊन घरचे मला काय म्हणाले? "ह्या औषधाचा पॉमला साइड इफेक्ट आहे असं लिहा मॅडम कुठंतरी." अहो, योग्य डोस देऊन जे होतं त्याला साइड इफेक्ट म्हणतात, बारा पट देऊन होतं त्याला विषबाधा म्हणतात. कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं, त्यांना थोडंसंही बाधतं, ते खरं प्रकरण वेगळं. इथं पॉमचा दोष काही नव्हता, दोष दशांश चिन्हाचा होता.

माझी सवय सांगते. तीन किलोच्या आतल्या कुत्र्यासाठी मी डोस आधी कागदावर लिहिते, मग मिलिग्रॅमचे सीसी करते, आणि कंपाउंडरला तोच हिशोब माझ्याकडे न बघता परत करायला लावते. इंजेक्शन एक सीसीच्या बारीक रेघांच्या सिरिंजमध्येच भरायचं. पातळ औषध घरी द्यायचं असेल तर मी सिरिंजवर पेनानं रेघ मारून देते, चमचा म्हणाल तर माझ्या क्लिनिकमध्ये चमचा हा शब्द चालत नाही. आणि खरजेला आता गोळ्याही आहेत, गोठ्यातली बाटली आणायची गरजच नाही.

माणसांच्या गोळ्या. ह्याच्यावर बोलून बोलून माझं तोंड दुखतं. मेलॉक्सिकॅम हे दुखण्याचं औषध कुत्र्याला चालतं हे कुणीतरी वाचतो आणि घरातली साडेसात मिलिग्रॅमची गोळी काढतो. पहिल्या दिवशी किलोला ०.२ आणि पुढे ०.१ मिलिग्रॅम हा कुत्र्याचा डोस, म्हणजे तीन किलोच्या पॉमला रोजचे ०.३. तुमच्या एका गोळीत त्याचे पंचवीस दिवस आहेत. कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन तर नकोच नको, पोटात अल्सर, काळी शी, मग मूत्रपिंड. आणि एका डॉक्टरकडून दुखण्याची गोळी, दुसऱ्याकडून खाजेसाठी स्टेरॉइड, दोघांनाही एकमेकांचं सांगायचं नाही, हाही त्यातलाच प्रकार. दोन्ही एकत्र गेली की पोट फाटायची वेळ येते. दुसऱ्या डॉक्टरकडे जा, मला राग नाही, पण आधीची चिठ्ठी घेऊन जा.

मोठ्या कुत्र्याची गोचिडाची गोळी स्वस्त पडते म्हणून तिचे चार तुकडे करणं: करू नका. प्रत्येक तुकड्यात औषध सारखंच आलंय हे तुम्हाला कोण सांगणार? मानेवर टाकायच्या थेंबांचंही तेच.

स्टेरॉइड चालू असताना कुत्रं पाणी जास्त पितं, घरभर शू करतं, अधाशासारखं खातं, हे अपेक्षित आहे, घाबरून एकदम बंद करायचं नाही. डोस कमी करत करतच थांबवतात.

अमिट्राझ, म्हणजे गोचीड-खरजेच्या औषधाचं पाणी करून अंघोळ घालणारे अजून आहेत. पाण्यात किती टाकायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, आपले लोक "जरा कडक करूया" म्हणून दुप्पट टाकतात आणि मग कुत्रं सुस्त पडतं, अंग गार, नाडी मंद. चिवावाला तर हे औषध वापरूच नका असं काही देशांत लेबलवरच छापलेलं असतं. घरात कुणाला शुगर असेल तर त्यांनी ह्या कामाला हात लावू नये, हे औषध साखर वाढवतं.

आता माझी दुसरी आवडती चूक, आणि ही शिकलेल्या लोकांची. रात्री अकरा वाजता स्क्रीनशॉट येतो. अमेरिकेच्या यादीत अमुक गोळीखाली पॉमेरियनचे इतके रिपोर्ट, उलटी, सुस्ती, फीट, मृत्यू. "मॅडम, हे आम्ही देतोय!!" आता ही यादी काय असते ते बघा. एफडीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याकडे कुणीही, मालक, डॉक्टर, कंपनी, कळवू शकतं की औषध दिल्यावर असं झालं. कळवलं म्हणजे औषधामुळेच झालं हे सिद्ध झालं असं नाही. त्या कुत्र्याला त्याच दिवशी आणखी दोन औषधं दिलेली असू शकतात, त्याला आधीपासून काही आजार असू शकतो. "औषधाचा गुण आला नाही" हीसुद्धा त्या यादीत एक तक्रार म्हणून मोजली जाते, आणि लोक सगळ्या ओळींची बेरीज करून म्हणतात एवढ्या कुत्र्यांना बाधलं. मुख्य म्हणजे किती कुत्र्यांना औषध दिलं त्यातून हे एवढे, हा खालचा आकडाच तिथं नसतो. ज्या जाती घराघरात आहेत त्यांचे रिपोर्ट जास्त येणारच की.

म्हणून यादी फालतू आहे का? अजिबात नाही. अशाच रिपोर्टांवरून एफडीएनं सप्टेंबर २०१८ मध्ये गोचिडाच्या नव्या गोळ्यांबद्दल, म्हणजे अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर ह्या घराण्याबद्दल सूचना काढली की काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं, फीट येणं असं दिसलंय. औषधं बंद केली नाहीत, बहुतेक कुत्र्यांना ती चालतात असंच म्हटलं, पण ज्याला आधी फीट आल्यात त्याच्या बाबतीत डॉक्टरशी बोला असं सांगितलं. एवढंच वाचायचं असतं त्यातून. माझ्याकडे येणारे एक सर ते अर्धंच वाचून गोळी बंद करून बसले, कुत्र्याला कधी फीट नाही, काही नाही, आणि पावसाळ्यानंतर तेच कुत्रं टिक फीवरनं, म्हणजे गोचिडातून होणाऱ्या तापानं, नाकातून रक्त येत माझ्या टेबलावर. प्लेटलेट तळाला. गोळीचा संभाव्य त्रास त्यांनी तपशीलवार वाचला होता, गोचिडाचा त्रास कुणी स्क्रीनशॉट काढून पाठवत नाही ना!

लसीचं मात्र छोट्या कुत्र्यांबाबत खरंच जास्त जपावं लागतं, इथं मी मालकांच्या बाजूनं आहे. २००५ मध्ये अमेरिकेत १२ लाखांवर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, लसीनंतर तीन दिवसांत काहीतरी त्रास झाला असे दहा हजारांत साधारण ३८ निघाले. म्हणजे थोडेच, पण वजन जितकं कमी तितका धोका जास्त, आणि डॅक्सहुंड, पग, चिवावा, मिनिएचर पिन्शर वगैरे वरच्या नंबरात. दहा किलोच्या आतल्या कुत्र्याला एकाच दिवशी जितक्या लसी जास्त, तितका प्रत्येक लसीमागे धोका २७ टक्क्यांनी वाढला. "सगळं एकदमच उरका मॅडम, परत सुट्टी मिळत नाही" म्हणणाऱ्यांनी हा आकडा वाचावा. मी छोट्या कुत्र्याला रेबीजची आणि बाकीची लस वेगवेगळ्या फेरीत देते, त्या आठवड्यात जंताचं औषध नाही, नवीन गोळी नाही, नवीन खाणंसुद्धा नाही. नाहीतर तोंड सुजलं तर दोष कुणाला द्यायचा?

आणि लस सकाळी घ्या हो. संध्याकाळी सातला टोचून घेऊन जाता आणि नऊला डोळे-ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, तेव्हा सगळी क्लिनिकं बंद. टोचल्यावर अर्धा तास बाकड्यावर बसायचं, पार्किंगचं कारण सांगायचं नाही. सूज असेल तर लगेच आणा, उलट्या-जुलाब होऊन कुत्रं गळून पडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर फोनही करत बसू नका, सरळ निघा. एकदा सुजलं म्हणून सगळ्या लसी कायमच्या बंद करायच्या हेही नको. आपल्याकडे पुराचं पाणी आणि उंदीर आहेत, उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो कुठं गेलाय, आणि रेबीज तर सोडायचा विषयच नाही. आधी त्रास झाल्याचं डॉक्टरला सांगा, ते त्याप्रमाणे ठरवतील.

प्रत्येक गोष्ट औषधानं होत नाही हेही जरा लक्षात घ्या. पॉमला हंसासारखा घोगरा खोकला आला की तो बहुतेकदा श्वासनलिका चपटी होण्याचा, पट्टा गळ्याऐवजी छातीचा लावा. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू जंताचं औषध घेतल्यावर दिवसभर जेवलं नाही आणि थरथरायला लागलं, तर आधी साखर उतरल्याची शंका घ्या, हिरड्यांना मध चोळा आणि निघा. शीतून जंत पडले तर तो साइड इफेक्ट नाही, त्यासाठीच पैसे दिले होते तुम्ही.

डॉक्सीची, म्हणजे डॉक्सिसायक्लिन ह्या अँटिबायोटिकची गोळी कोरडी गिळवू नका, घशात अडकून भाजते, मागून सिरिंजनं थोडं पाणी द्या. उलटी करवायला मिठाचं पाणी कधीही, कधीही पाजू नका, मिठानंच कुत्रं दगावतं.

शेवटचं फोनचं. स्ट्रिप फेकून मग फोन करू नका. औषध देण्याआधी पाकिटाचा फोटो काढा, त्यात नाव, ताकद, बॅच नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, म्हणजे वेळही आपोआप फोटोवर येते. त्रास झाला तर "कसंतरी करतंय" असं सांगण्यापेक्षा व्हिडिओ पाठवा, लाइट लावून, आणि मागचा टीव्ही बंद करून. मला आणि कंपनीला कळवायलाही तोच फोटो लागतो. पाकिटावर कंपनीचा नंबर असतो, तो लावा. आणि मामांना सांगा, बाटली गोठ्यातच ठेवा म्हणावं.