ड्रेन प्लगमधून ऑइल टपकतंय आणि टॉर्क रेंच 'टक्' करत नाहीये?

ड्रेन प्लग म्हणजे इंजिनाच्या तळाचा, जुनं ऑइल काढायचा बोल्ट. ऑइल बदललं की दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकं आवळलं की 'टक्' करणारा पाना) 35 न्यूटन मीटरला लावला, तरी त्याचा 'टक्' काही जाणवेना.

वायसर बदलला, प्लग आणखी आवळला, आट्यांना टेपही गुंडाळली (ही टेप इथे नकोच, तुकडे ऑइलमध्ये जातात). डोकं पार पिकलं.

खरी गोम रेंचच्या रेंजमध्ये होती. माझा अर्धा इंची (हे सॉकेट बसतो त्या चौकोनाचं माप) रेंच 28 ते 210 न्यूटन मीटरचा. क्लिकवाला रेंच साधारण कमाल आकड्याच्या 20 टक्क्यांपासून वर भरवशाचा, म्हणजे इथे 42 च्या पुढे. चाकांच्या नटांना, 100-110 ला, तो झकास, प्लगला कुचकामी. मग 3/8 इंची, 10 ते 60 चा घेतला.

आता क्रम. ऑइल पूर्ण निथळू दिलं. प्लग आणि तो बसतो ती कडा कोरड्या फडक्याने पुसली. नवा वायसर घातला. प्लग बोटांनीच शेवटपर्यंत फिरवला. आटे तिरके धरले तर इथेच कळतं. रेंच 35 ला लावला, मुठीलाच धरून सावकाश ओढला आणि पहिल्या 'टक्'ला थांबलो. खात्रीसाठी दुसरा 'टक्' काढायचा मोह आवरा, प्लग जास्त आवळला जातो. ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवलं, खाली वाकून पाहिलं: कोरडं ठणठणीत.

35 हा माझ्या गाडीचा आकडा. तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. ठेवताना रेंच किमान आकड्यावर आणून ठेवा, त्याखाली नको. आणि घट्ट नट सोडवायला तो वापरू नका, त्याला साधा पानाच बरा.